दवा नाही म्हणून उन्हात ठेवायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी डेअरीतून रिटायर झालेला माणूस, 32 वर्षं दूध गार ठेवण्यात गेली, त्यामुळे थंड माल गरम झालेला मला बघवत नाही. माझी भाची इथेच पीएचडी करते, तिने बाहेरून उंदराचं फ्रॅटॅक्सिन नावाचं प्रोटीन मागवलं होतं, सहा आठवडे वाट बघितल्यावर ते आलं आणि शुक्रवारपासून सोमवारपर्यंत वडोदऱ्याबाहेरच्या एका कुरियर डेपोत पत्र्याखाली पडून राहिलं. मे महिना, पुढचं सांगायला नकोच.

हे ऐकून शेजारच्या काकू म्हणाल्या, उंदराचं काही घरात फ्रिजमध्ये आणू नका हो, नैवेद्याचं दूध तिथेच असतं. तर काकूंसाठी सांगतो, उंदीर कोणी मारलेला नाही. उंदराच्या जनुकाची कॉपी ई. कोलाय बॅक्टेरियात घालतात, बॅक्टेरिया वाढतात आणि प्रोटीन करून देतात, त्याला बहुतेक वेळा सहा हिस्टिडिनची (हा प्रोटीनचाच एक घटक) शेपटी जोडलेली असते, ती निकेलला चिकटते, मग बाकीचं धुवून टाकायचं. (शेपटी आहे, पण उंदराची नाही.) शरीरात हे प्रोटीन मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात असतं, लोह आणि गंधक जुळवायच्या कामात लागतं. माणसात ते कमी पडलं की फ्रीडरायख अटॅक्सिया होतो, धडधाकट पोरांचा चालताना तोल जायला लागतो. जर्मन डॉक्टर फ्रीडरायख यांनी हा आजार 1863 मध्ये लिहून ठेवला, जनुक सापडलं थेट 1996 मध्ये.

भाचीला ते मोजपट्टी म्हणून हवं होतं. उंदराच्या टिश्यूत फ्रॅटॅक्सिन किती आहे हे काढायचं तर माप माहीत असलेलं प्रोटीन शेजारी लावावं लागतं, आणि मोजपट्टीच बिघडली तर वर्षभराचे आकडे चुकीचे. दूध नासलं तर फाटतं, वास येतो, पोरगंसुद्धा सांगेल. हे बिघडलं तरी पाण्यासारखं स्वच्छच दिसू शकतं, म्हणून भाचीने ते वापरलंच नाही. सुकवलेली पावडर असती तर कदाचित तरली असती, हे ग्लिसरॉल घातलेलं पातळ होतं.

सोमवारी आम्ही डेपोत गेलो तर डब्यावर मोठ्या अक्षरात उणे 20 लिहिलेलं आणि त्याखाली, फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही. तिथल्या मुलाने खालची ओळ तेवढी वाचलेली. मला म्हणतो, "काका, दवा तो नथी ने, तो शुं उतावळ छे?" कोपऱ्यात फ्रिज होता बरं का, आत इंजेक्शनं नीट लावून ठेवलेली! मुलाला तरी काय बोलणार, त्याच्या यादीत औषध आणि लस एवढंच होतं, बाकी सगळा माल सारखाच, साड्या असोत की प्रोटीन. कंपनी म्हणते आमच्याकडून नीट निघालं, कुरियर म्हणतं पोचवलं, आणि पन्नास मायक्रोग्रॅमचे हजारो रुपये गेले ते गेलेच.

डेपोवाल्यांनी आत काय आहे ते बघू नये, डब्यावरचं तापमान बघावं. आणि शुक्रवारी थंड पार्सल आलं तर फोन शुक्रवारीच करा, सोमवारी नको. भाची थर्माकोलचा डबा घेऊन रात्री दहालासुद्धा स्कूटरवर येईल, मागे मी बसेन.

आपला एक वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा