हनुवटी हलली म्हणून सूर हलला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शनिवारच्या अंकातला क्लॅरिनेटवादनाचा वृत्तान्त वाचला. मोझार्टच्या पंचकात (पाच वाद्यांच्या रचनेत) 'वादकाचा सूर थरथरत होता, दमसास कमी पडला' असा शेरा त्यात आहे. त्या कार्यक्रमाला मीही होतो, तिसऱ्या रांगेत. दमसास, म्हणजे श्वासावरचा ताबा, चोख होता. लांब सूर आधी सरळ यायचा आणि संपता संपता जरासा हलायचा. त्या वेळी वादकाची हनुवटी किंचित खालीवर होताना दिसत होती. हा ठरवून दिलेला कंप, म्हणजे व्हायब्रेटो.

तो आवडला नाही, हे म्हणायला कुणाची ना नाही. जर्मनी आणि व्हिएन्नाच्या वादकांनाही तो सहसा चालत नाही. व्हायोलिनला कंप हवा आणि क्लॅरिनेटला सपाट सूर, असा एकूण जुना रिवाज. इंग्लंडमध्ये तो मोडला लंडनचे क्लॅरिनेटवादक रेजिनाल्ड केल (१९०६-१९८१) यांनी, आपल्याच वाद्यवृंदातल्या लिऑन गूसेन्स यांचा ओबो (फुंकून वाजवायचं पत्तीचं वाद्य) ऐकून. पुढे तिथल्याच जॅक ब्रायमर यांच्या वादनातही कंप आला. जॅझमध्ये नाव कमावलेले बेनी गुडमन तर केल यांच्याकडे शिकायला गेले! जर्मन संगीतकार ब्राम्सने १८९१ मध्ये ज्यांच्यासाठी पंचक लिहिलं, ते क्लॅरिनेटवादक म्यूलफेल्ड मूळचे व्हायोलिनवादक. तेही कंप देत, असं सांगतात.

मी लालबागच्या एका ब्रास बँडमध्ये बावीस वर्षं क्लॅरोनेट वाजवलं. (आम्ही क्लॅरोनेटच म्हणायचो.) तालमीत मास्तर हनुवटीखाली बोट धरायचे, ती हलली की टपली. वरातीत सिनेमाचं गाणं आलं की तेच मास्तर ओरडायचे, "अरे हलव जरा, बँड आहे की भोंगा?" दोन्ही वेळा मास्तर बरोबरच होते.

दरबारी रागातला कोमल गंधार आंदोलित, म्हणजे हलवत, लागला, तर गवयाचा आवाज कापला असं आपल्याकडे कुणी लिहीत नाही. आग्रा घराण्याच्या गायकाला किराणा घराण्याच्या मापाने मोजत नाही. मग हाच न्याय क्लॅरिनेटला का नको? कंप अति झाला, चुकीच्या जागी आला, असं लिहा. मोझार्टमध्ये मलाही तो दोन ठिकाणी जास्तच वाटला. पण त्याला दमसासाचा दोष ठरवणं चूक आहे. तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना बँडवाला, लालबाग, मुंबई