काउंटरमागे उभ्या असलेल्या मुलास

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. फळीवर एक किंमत आणि बिलात दुसरीच निघाली म्हणून त्या गृहस्थांनी तुला चारचौघांत लबाड म्हटले आणि त्या रात्री तुला नोकरी सोडावीशी वाटली, यात मला नवल वाटले नाही. मीही बिलिंगच्या काउंटरवर अकरा वर्षे काढली आहेत. पण चूक नेमकी कुठे झाली, हे तू पाहिलेस का? बारकोडात सहसा किंमत नसते, केवळ वस्तूचा क्रमांक असतो आणि भाव दुकानाच्या संगणकातून येतो. संगणकात भाव बदलला आणि फळीवरची चिठ्ठी बदलायची राहिली की भांडण ठरलेले. अशा वेळी ग्राहकाचे म्हणणे खरे असते आणि काउंटरवरच्या माणसाचा दोषही नसतो. म्हणून वाद न घालता वरिष्ठांना बोलवावे, फळी स्वतः जाऊन पाहावी आणि चिठ्ठी तिथल्या तिथे बदलून घ्यावी, नाहीतर तासाभराने दुसरे कोणी तेच ऐकवील.

बारकोड वाचला गेला नाही तर खालचे तेरा आकडे हाताने घालताना घाई करू नकोस. त्यांतला शेवटचा आकडा पडताळणीचा असतो: पहिल्या बारांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करावी आणि ती दहाच्या पटीत न्यायला जेवढे कमी पडतात, तो तेरावा. त्यामुळे एखादा आकडा चुकला की यंत्र तो क्रमांक नाकारते. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी हे गणित कागदावर करीत बसे. हसू नकोस, त्या दुपारी फार लांब असतात.

गल्ल्याचे मात्र मी रडून शिकले. पहिल्याच महिन्यात एका गृहस्थांनी लहान नोट देऊन मोठी दिल्याचे सांगितले. मी ती आधीच गल्ल्यात टाकलेली असल्यामुळे मला काहीच दाखवता आले नाही. रात्रीच्या मोजणीत तूट निघाली आणि ती मालकांनी माझ्या पगारातून कापली. ते कापणे मला आजही अन्यायाचे वाटते. तेव्हापासून सुटे परत दिल्याशिवाय मी कोणाची नोट आत टाकली नाही. ती समोर दिसेल अशी ठेवीत असे.

पाय दुखतात असे तू लिहिले आहेस. एकाच जागी ताठ उभे राहण्यापेक्षा भार एका पायावरून दुसऱ्यावर घेत राहा, आणि बूट संध्याकाळी विकत घे, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात.

दृष्टी अधू झालेल्या एक आजी शेजारचे काउंटर रिकामे असले तरी माझ्याच रांगेत थांबत, कारण मी प्रत्येक वस्तूचे नाव आणि भाव मोठ्याने वाचून दाखवीत असे. हे मला कोणी शिकवले नव्हते. तुझ्या काउंटरवर असे कोणी येते का, ते पुढच्या पत्रात लिही. आणि ती चिठ्ठी बदलली की नाही, तेही.

तुझी आई