दहा मिनिटे समोर बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुले कृत्रिम बुद्धिमत्तेकडून निबंध लिहून घेतात म्हणून प्राध्यापक चिंतेत असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. चिंता मलाही आहे. पण चर्चेचा सगळा रोख मुलांच्या 'चोरी'वर आणि ती पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर दिसला, म्हणून हे पत्र. मी निवृत्त अध्यापिका. अजूनही एका कॉलेजात तासिकेवर जाते आणि अंतर्गत गुणांचे निबंध तपासते.

गेल्या सत्रात एका मुलीचा इंग्रजी निबंध सॉफ्टवेअरने यंत्राने लिहिलेला ठरवला आणि विभागाने शून्य देऊन टाकले. मुलगी घरी मराठी बोलते, शाळा गुजराती माध्यमाची, इंग्रजीशी खरी गाठ कॉलेजात पडली. बडोद्यातल्या आपल्या निम्म्या घरांची हीच कथा. मी तिला समोर बसवले. कुठले वाक्य का लिहिले ते तिने सांगितले, खाडाखोडीने भरलेली वही दाखवली. तिचा गुन्हा एवढाच, की तिने मोजक्या शब्दांत, पाठ केलेल्या साच्याची वाक्ये लिहिली. यातली बरीच सॉफ्टवेअर पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो तेच मोजतात. ज्याची इंग्रजी ही तिसरी भाषा, त्याचे शब्द ओळखीचेच असणार! स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये अशी सात सॉफ्टवेअर 'टोफेल' या परभाषकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या निबंधांवर चालवून पाहिली. परभाषकांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध सरासरीने यंत्राचे ठरले. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनेही त्याच वर्षी जानेवारीत स्वतःचे ओळखयंत्र आणले आणि अचूकता कमी म्हणून जुलैत गुपचूप मागे घेतले. ज्यांनी यंत्र घडवले त्यांना त्याचे लिखाण खात्रीने ओळखता येईना, आणि आम्ही इथे टक्केवारीचा कागद जोडून मोकळे.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या वाङ्मयचौर्याविषयीच्या नियमांतली 10 टक्क्यांची सूट सर्वांना तोंडपाठ आहे. ती दुसऱ्याच्या मजकुराशी असलेल्या साम्याची. यंत्र वाक्ये नव्याने जुळवते, त्यात साम्य सापडेलच असे नाही. हे दोन वेगळे आकडे आहेत, हे स्टाफरूममध्ये समजावता समजावता माझा चहा थंड होतो.

आता उलट बाजू. एका मुलाने सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय चळवळीवर मराठीत निबंध दिला. मराठी अशी गुळगुळीत, की आपल्या बोलण्यात येतो तसा एकही गुजराती 'एटले' मध्ये डोकावला नाही. तिथेच मला शंका आली. संदर्भांत एक जुना लेख होता, मासिकाचे नाव आणि पृष्ठ क्रमांकासह. मी मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बांधीव अंक चाळले. त्या पानावर भलतेच काही होते. आणि 1910 साली महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डेन यांना बोलावून बडोद्याचे ग्रंथालय खाते उभे केले, ही मुख्य गोष्टच निबंधात नव्हती. विचारल्यावर मुलगा खाली बघत म्हणाला, "मॅडम, कामावरून अकराला घरी येतो." मी गुण रोखले. पुढच्या रविवारी त्याच ग्रंथालयात एक तास बसून जे दिसते त्यावर हाताने एक पान लिही, म्हटले. आणलेले पान ओबडधोबड होते, शुद्धलेखन भयंकर. पण वर्तमानपत्रासाठी रांग लावणारे म्हातारे त्यात होते. त्याला मी गुण दिले.

दोन्ही प्रकरणांचा निकाल दहा मिनिटांच्या बोलण्यात लागला. माझ्या वर्गात 70 मुले आहेत. म्हणजे 700 मिनिटे, जवळजवळ बारा तास. हे बारा तास कोणाच्या वेळापत्रकात नाहीत. तासिकेवरच्या शिक्षकाला वर्गात उभे राहण्याचे पैसे मिळतात, मुलाशी बोलण्याचे नाही. सॉफ्टवेअरची वर्गणी मात्र वर्षाच्या वर्षाला भरली जाते. नेदरलँड्समधल्या अध्यापकांनी 2025 मध्ये आपल्या विद्यापीठांना खुले पत्र लिहून ही तंत्रे डोळे मिटून स्वीकारू नका, असे सांगितले. आपल्याकडे त्याआधी एक साधी मागणी करता येईल: प्रत्येक निबंधामागे तोंडी परीक्षेची दहा मिनिटे कामाच्या तासांत धरा, आणि नुसत्या सॉफ्टवेअरच्या आकड्यावर कोणाचेही गुण कापू नका.

त्या मुलीने फेरतपासणीचा अर्ज दिला आहे. आवक क्रमांक मिळाला. शून्य अजून तसेच आहे.

आपली,
एक निवृत्त अध्यापिका
दांडिया बाजार, बडोदा