मेस्त्रीकाका, तुम्ही थांबायला सांगितलंत म्हणून

मेस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही आमच्या कपाटासाठी जे केलंत ते वेंगुर्ल्यात नवं घर बांधणाऱ्या प्रत्येकाला कळावं असं मला मनापासून वाटतं.

आमचं आधीचं कपाट तुम्ही पाहिलं होतंत. दुकानातून तयार आणलेलं, पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं. दुसऱ्याच पावसात तळाची फळी भिजल्या पावासारखी फुगली, स्क्रूभोवती भुसा होऊन बिजागऱ्या निखळल्या आणि आईच्या लग्नातल्या शालूवर बुरशी धरली. तो शालू मांडीवर घेऊन मी रडले होते.

म्हणून भिंतीतल्या कपाटासाठी तुम्हाला बोलावलं तेव्हा मला घाई होती. ऑगस्ट होता. तुम्ही आधी भिंतीला तळहात लावलात, मग नखाने खरवडलंत. नखात ओला गिलावा आला. ही पश्चिमेची भिंत, नैऋत्येचा सगळा मारा हिच्यावर. "बाय, भिंत सुकू दे. दिवाळेनंतर येतंय," म्हणालात आणि हातात आलेलं काम स्वतःच अडीच महिने पुढे ढकललंत. त्या दिवसांची तुमची मजुरी बुडाली, हे मला माहीत आहे.

मोबाइलवर पाहिलेली एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्यांची, चकचकीत पांढरी शटरं माझ्या डोक्यात बसली होती. तुम्ही वाद घातला नाहीत. दोन बोटांएवढे दोन तुकडे आणलेत, एक स्वस्त प्लायचा आणि एक ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, आणि आमच्या न्हाणीच्या चुलीवरच्या पाण्यात टाकलेत. संध्याकाळी पहिल्याचे थर वहीच्या पानांसारखे सुटले. दुसरा होता तसा. मग सांगितलंत, आयएस ७१० या भारतीय मानकाच्या प्लायला ७२ तास उकळत्या पाण्याची कसोटी असते, आयएस ३०३ मधल्या बीडब्ल्यूआर प्रतीच्या प्लायला ८ तासांची. तो दुसरा तुकडा अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

बाकीचं तुम्ही ठरवत गेलात आणि मी ऐकत गेले. सांगाडा १८ मिलिमीटर जाड प्लायचा. तळ जमिनीवर न टेकवता ग्रॅनाइटच्या पट्टीवर. पाठीमागे दोन बोटं जागा. बिजागऱ्या ३०४ स्टेनलेसच्या, कारण खाऱ्या वाऱ्यात साध्या लोखंडाला गंज चढतो. चकाकीवर बोटांचे ठसे आणि खारट धूसरपणा लगेच दिसतो, म्हणून बाहेरचा सनमायका मॅट. शटरांना खाली-वर झडपा, कारण "कपाटाक वारो व्हयो".

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते आतल्या कडांचं काम. कप्प्यांची मागची कड कुणालाच दिसणार नव्हती. तिथेही तुम्ही पट्टी चिकटवलीत, बोट फिरवून पाहिलंत आणि एके ठिकाणी उखडून पुन्हा लावलीत. उघड्या कडेतूनच प्लाय पाणी पितो, म्हणालात.

यंदाच्या जुलैत, आठवडाभर ऊन नसताना, मी शालूच्या घडीत हात घातला. कोरडा होता. नुसता कापराचा वास.

चवथीला तो नेसणार आहे. काकूंना घेऊन जेवायला या. तुमची छोटी पटाशी वरच्या खणात राहिली आहे, तेल लावून ठेवली आहे.

तुमची,
बाय