'रोज चाला' लिहून देते, पण चालायचं कुठे?

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

ठाण्यात नौपाड्याच्या एका गल्लीत माझा दवाखाना आहे. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखीचे पेशंट दिवसभर येत असतात आणि बहुतेकांच्या चिठ्ठीवर शेवटची ओळ तीच असते: रोज अर्धा तास चालणे. गोळ्या कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळतात. चालण्याचं मात्र पेशंट मलाच विचारतात, "मॅडम, चालू कुठे?"

तलावपाळीला जा, हे उत्तर सोपं आहे. मासुंदा, कचराळी, उपवन ही तळी म्हणजे ठाण्याची श्रीमंतीच. पण किसननगरच्या बाईने डबे, पाणी, नोकरी उरकून रिक्षा करून चालायला जायचं, हा विनोद झाला. तशी गरजही नाही. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती निदान दहा मिनिटं सलग हवी, ही जुनी अट २०२० च्या मार्गदर्शनात काढून टाकली. म्हणजे मुलाला शाळेत सोडणं, भाजी आणणं, स्टेशन गाठणं, सगळं हिशेबात धरलं जातं. फक्त पाय जरा झपाझप उचलायचे, बोलता यावं पण गाता येऊ नये इतपत. साठीपुढच्यांना तर दहा हजार पावलांचा धाकही नको. २०२२ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यात या वयात सहा ते आठ हजार पावलांनंतर आयुष्यमानाचा फायदा फारसा वाढत नाही, असं दिसलं.

जेवणानंतरची शतपावली तर मी आवर्जून सांगते. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनवर फारसं अवलंबून न राहता ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतर उसळणारी साखर बरीच आटोक्यात राहते. पोटऱ्या पंपासारख्या दाबून पायातलं रक्त वर पाठवतात. दिवसभर दुकानात उभं राहून सुजलेले पाय त्याने हलके होतात. झिजलेल्या गुडघ्यांनाही बेताचं चालणं मानवतं, हे मात्र पेशंटला पटवता पटवता माझाच घसा बसतो. देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत, असा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीचा २०२३ मधला अंदाज आहे. त्यांना इतकं स्वस्त औषध दुसरं कुठलं?

आता ते घ्यायचं कुठे, ते बघा. दवाखान्यासमोरच्या फूटपाथची कड माझ्या गुडघ्याच्या जरा खाली येते. सत्तरीच्या आजी त्यावर चढताना भिंतीला हात टेकतात. पुढे चार पावलांवर पेव्हर ब्लॉक सुटलेला. पावसात त्यावर पाय पडला की खालचं गढूळ पाणी साडीभर. मग गटाराचं उचकटलेलं झाकण, मग आडव्या लावलेल्या दोन स्कूटर. शेवटी आजी रस्त्यावर उतरतात, मागून रिक्षाचा हॉर्न. एकदा पडल्या की हाड जुळतं, पण धास्ती जात नाही. चालणं बंद होतं, आणि पुढच्या महिन्यात साखर वाढलेली दिसते. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांना तर ठेच लागल्याचंही कळत नाही. जखम चिघळल्यावर ते माझ्याकडे येतात. (फेरीवाल्यांवर सगळं ढकलू नये. कड त्यांनी बांधलेली नाही.)

फूटपाथ नगरविकासाचा विषय, असं आपलं खातं म्हणेल. नियम तर आधीच आहेत. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या निकषांप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि कड १५ सेंटीमीटरपेक्षा उंच नको. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअडथळा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या अधिकारातलाच, हक्क मानला. नाही ते एवढंच, की मोडक्या फूटपाथला कोणी आजाराचं कारण समजत नाही. ते काम आपलं आहे.

माझी मागणी छोटी आहे. राज्यातल्या प्रत्येक सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्याभोवतीचा अर्धा किलोमीटर आपल्या खात्याने चालून तपासावा. सोबत एक वॉर्ड इंजिनिअर, एक मोजपट्टी आणि काठी टेकत चालणारा एक पेशंट असावा. काय आढळलं ते दवाखान्याच्या दारावर लावावं, दुरुस्तीच्या तारखेसकट. सुरुवात ठाण्यातून करणार असाल तर मोजपट्टी मी आणते. पेशंटही माझ्याकडे भरपूर आहेत.

आपली नम्र,
नौपाड्यातील एक डॉक्टर