फ्ल्यू गॅस अ‍ॅनालायझर चुकीच्या सेटिंगवर सोडून गेल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. प्रमुख, विक्रीपश्चात सेवा विभाग

महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळीनंतर गाळप सुरू होताच तुमच्याकडून घेतलेला पोर्टेबल फ्ल्यू गॅस अ‍ॅनालायझर (चिमणीच्या धुरातले वायू मोजणारं यंत्र) आमच्या साखर कारखान्याच्या बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, चालणाऱ्या बॉयलरला लावला. तुमचे इंजिनिअर आले, पाऊण तासात कमिशनिंग रिपोर्टवर सही घेतली आणि अर्धा चहा तसाच ठेवून गेले. त्या पाऊण तासात काय राहून गेलं, हे शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले.

यंत्र ऑक्सिजन १०.४ आणि कार्बन डायऑक्साइड ५.९ टक्के दाखवत होतं. हवा फार जातेय असं समजून फायरमनने एफडी फॅनचा (भट्टीत हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, आवळला. यंत्रावर ऑक्सिजन ७ वर आला. चिमणीतून मात्र काळा धूर सुरू झाला, स्टीमचं प्रेशर पडलं आणि मिलहाउसचे फोन वाजू लागले. शिफ्टला मी होतो, बोलणी मीच खाल्ली. डॅम्पर होता तसा केला आणि यंत्र टेबलावर घेतलं.

मेनूत इंधन 'नैसर्गिक वायू' होतं. आमच्या कारखान्याला गॅसची पाइपलाइनच नाही! हे यंत्र कार्बन डायऑक्साइड मोजत नाही, ऑक्सिजनवरून हिशेबाने काढतं, आणि त्या हिशेबात त्या इंधनाच्या धुरात जास्तीत जास्त किती टक्के कार्बन डायऑक्साइड असू शकतो, तो आकडा लागतो. गॅसला तो ११.७, बगॅसला २० च्या थोडी वर. यादीत बगॅस नाही, ते वेगळं भरावं लागतं. ते कोणी भरायचं होतं?

मग गळती. प्रोबचं (धूर ओढून घेणाऱ्या नळीचं) टोक अंगठ्याने दाबलं की पंपाचा आवाज जड व्हायला हवा, फ्लो खाली यायला हवा. पंप आपला निवांत चालू. पाणी साठणारी डबी उघडली तर तिची ओ-रिंग (हवाबंद करणारी रबरी कडी) तिरकी बसलेली, तिथून बाहेरची हवा आत. ती नीट बसवल्यावर त्याच लोडला, त्याच जागी ऑक्सिजन ८.

धुराच्या डक्टमधल्या आमच्या झिरकोनिया प्रोबवर (ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरवर) त्याच वेळी ऑक्सिजन ६.२ होता. तुमच्या हेल्पलाइनने सांगितलं, 'तुमचा झिरकोनिया बिघडलाय.' साहेब, तो ओल्या धुरात मोजतो, तुमचं यंत्र पाणी काढून मोजतं. आमच्या बगॅसमध्ये निम्मं पाणी, धुरात बावीसेक टक्के वाफ. ६.२ ला ०.७८ ने (वाफ सोडून उरलेल्या भागाने) भागून बघा, ८ च येतो. हा हिशेब हेल्पलाइनला ठाऊक नसावा, याचंच जास्त वाईट वाटलं.

आणि झिरो (यंत्राचा शून्य, जो स्वच्छ हवेत लावायचा असतो) तर तुमच्या इंजिनिअरने बॉयलरच्या राखेच्या दाराशी उभं राहून घेतला होता. आम्ही यंत्र मोकळ्या अंगणात सुरू करून तिथे नेलं, तर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३८ पीपीएम (दहा लाखांत ३८ भाग). म्हणजे तुमच्या रिपोर्टमधला सीओचा प्रत्येक आकडा तेवढा कमी.

त्या काळ्या धुराच्या तासाभरात सीओ सेन्सर रेंजच्या बाहेर गेला. आता झिरो घेतानाच एरर येतो. तुम्ही नव्या सेन्सरचं कोटेशन पाठवलंत, वर 'हा वापराने संपणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही.' संपला कशाने, ते वर लिहिलंच आहे. सेन्सर विनामूल्य बदलून द्यावा आणि व्हिजिट चार्ज रद्द करावा. परचेस ऑर्डरप्रमाणे राखून ठेवलेले १० टक्के बिल तोवर निघणार नाही.

इंजिनिअर येताना सीओचा स्पॅन गॅस (नेमकं प्रमाण माहीत असलेला, यंत्र पडताळायचा वायू) सर्टिफिकेटसह आणावा, आमच्यासमोर कॅलिब्रेशन करावं, आणि दिवस-रात्र दोन्ही शिफ्टच्या फायरमनना शिकवूनच जावं. गुरुवारी साफसफाईसाठी गाळप बंद असतं, तेव्हा शुक्रवारी यावं, म्हणजे बॉयलर लोडवर मिळेल. गेटपास आदल्या दिवशी करून ठेवतो.

कळावे,
बॉयलर विभागप्रमुख
(सोबत: कमिशनिंग रिपोर्टची प्रत, ओ-रिंगचे दोन फोटो, आमच्या लॉगबुकची पानं)