चाकांपर्यंत किती घोडे पोचतात?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

फिल्टर आणि सायलेन्सर बदलला की स्पोर्ट्‌स कारची ताकद तीस-चाळीस हॉर्सपॉवरने वाढते, असं पोरांच्या गळी उतरवणारे गल्लोगल्ली झालेत. मी शारजात डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) गाड्या मोजतो, म्हणून राहवलं नाही.

टोयोटा जीटी ८६ घ्या. दोन लिटरचं, बिनटर्बोचं इंजिन. कंपनीचा आकडा २००. चाकांवर मोजले तर गिअरबॉक्स-डिफरन्शियल आपला वाटा खाऊन जेमतेम १६५-१७० उरतात. त्यावर नुसता इनटेक (हवा आत घेणारा फिल्टर आणि त्याची नळी) आणि मागचा एक्झॉस्ट चढवला की पाच-सात वाढतात. एवढा फरक सकाळ-दुपारच्या हवेनेही पडतो! शिवाय तो उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवाच ओढतो; इथल्या ऑगस्टात विचारूच नका.

हेडरचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्यांचं, मात्र वेगळं. या गाडीचा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) साधारण ३५०० ते ४५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) खड्ड्यात जातो, नेमका ओव्हरटेक करताना. चांगला हेडर बसवून सोबत ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ट्यून केला की आलेखातला तो खड्डा बराच बुजतो. वरच्या टोकाला दहा-पंधराच वाढतात, पण गाडी मोकळी पळते. (त्यासाठी धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच उडवणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.)

पैसे मोजण्याआधी त्याच डायनोवर, त्याच दिवशी काढलेला आधीचा आणि नंतरचा आलेख मागावा. दुकानदार आढेवेढे घेऊ लागला, तर सरळ चांगले टायर आणि ब्रेक पॅड घ्यावेत.

– एक डायनोवाला, शारजा (मूळचा सातारकर)